आधी पाणी

मी तांब्या बोलतोय. जरा डुगडुगतोय, तेवढं चालवून घ्या. मला फरशीवर ठेवा नाहीतर मऊ मातीत ठेवा, माझं बूड काही नीट टेकत नाही. शेजारून कोकरू उडी मारत गेलं तरी मी हलतो. चुलीपाशी कुणी मोठ्यानं बोललं तरी हलतो. पूर्वी मी असा नव्हतो. चांगला ठाण मांडून बसणारा होतो. असा कसा झालो, तेच सांगायला आलोय. दमानं सांगतो, पण मधेच पोटातलं पाणी हिंदकळलं तर रागावू नका.

माझा जन्म साताऱ्याच्या पेठेतला. एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. एवढे ठोके खाल्ले, की अजून कुठं हातोडीचा आवाज आला तर अंग आवळून घेतो. पोटात कल्हई केली आणि दुकानाच्या दाराशी टांगून ठेवलं. तिथं लोंबकळत मी येणारी जाणारी माणसं बघायचो.

एक दिवस डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं असा एक उंच माणूस आला. नाव कोंडीबा. त्यानं मला बोटानं वाजवलं, पाणी भरून उलटंसुलटं केलं, कुठं ठिबकतंय का बघितलं आणि म्हणाला, "ह्यो चालंल. चालनाऱ्या मानसाला चालनारंच भांडं पायजे."

तेव्हापासून मी चालतोच आहे.

कोंडीबा आटपाडीच्या अंगाचा धनगर. तिकडं पाऊस बेताचा. दिवाळी झाली, की मेंढरं घ्यायची आणि कृष्णेच्या काठाकाठानं वर निघायचं. इस्लामपूर, कऱ्हाड, सातारा करत वाईपर्यंत जायचं आणि उन्हाळा सरत आला, की माघारी फिरायचं. वाटेत ज्याच्या रानातला ऊस तुटून गेलाय तो शेतकरी मेंढरं बसवून घेतो. लेंड्यांचं खत त्याला, चारा मेंढरांना. ह्या मुक्कामाला धनगर वाडा म्हणतात. दगडमातीचा नव्हे बरं. चार काठ्या, त्यांना बांधलेली वाघर, म्हणजे जाळी, आत मेंढरं. बाहेर चूल, घोडं, कुत्री. आज इथं बसायचा, दोन दिवसांत उठायचा.

वाड्याचा जो कारभारी, त्याच्याकडं तांब्या. ही रीत. मुक्काम पडला, की कोंडीबा एक बरासा दगड बघायचा, त्याला भंडारा लावायचा आणि माझ्यातली पहिली ओंजळ त्या बिरोबाला घालायचा. मग आलागेला कुणी असेल त्याला पाणी. मग घरच्यांना. आलेला माणूस कोण, कशाला आलाय, हे पाणी पिऊन झाल्याशिवाय कोंडीबा विचारायचा नाही. "आधी पानी," म्हणायचा, "बोलनं मागनं."

एकदा एक वनरक्षक दंड करायला म्हणून तावातावानं आला होता. मेंढरं सरकारी रानात शिरली होती. कोंडीबानं माझ्यासकट दोन्ही हात पुढं केले. तो घटाघटा पाणी प्याला, तोंड पुसलं आणि मग काय बोलायला आलो होतो ते त्याला निम्मंच आठवलं.

पाणी पिण्यावरून माणूस कळतो मला. कुणी ओठ लावून पितो, कुणी वरून धार धरतो. कुणाचं पिऊन झालं तरी डोळे मिटलेलेच असतात. आणि काही घरं अशीही बघितली, की दारात गेलेल्या धनगराच्या ओंजळीत हातभर उंचावरून पाणी ओततात. भांड्याला त्याचा हात लागू नये म्हणून केवढी कसरत. पाणी तेच असतं हो. पण द्यायच्या तऱ्हेनं तहान वाढते.

कोंडीबाचे गुडघे गेले, तेव्हा वाईच्या घाटावर त्यानं मला कृष्णेत बुडवलं, आपण प्याला आणि उरलेल्या पाण्यासकट मला पोराच्या हातात दिलं. वाड्याचा कारभार असा हातातून हातात जातो. तो पोरगा म्हणजे जोतीराम. आज त्याचेही केस पांढरे झालेत. त्याची बायको तानुबाई, आणि त्यांचा एकुलता एक लेक अमृत.

अमृत माझ्या कडेला धरूनच उभा राहायला शिकला. माझ्यात खडे भरून वाजवायचा. पण मोठा झाला तसं त्याला मेंढरं नकोशी झाली. विट्याच्या बाजूची माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात. त्यांतल्याच एकाबरोबर अमृत तिकडं खाली दक्षिणेत सेलमला गेला. मधे लग्न झालं. बायको माया इथंच सासूसासऱ्यांबरोबर वाड्यावर राहिली, कारण सेलमची खोली एवढीशी, आणि मायाला भट्टीचा धूर सोसेना.

मग एकदा फोन आला. अमृतनं येशूला धरलंय म्हणे.

तानुबाई रडायला लागली. जोतीराम चिलीम झाडत म्हणाला, "देव घेतलाय न्हवं? दारू न्हाई घेतली. रडतीस काय?"

पण त्या वर्षी जोतीरामचेही गुडघे बोलायला लागले होते. त्यानं निरोप धाडला, की अमृत, या साली ये, आमच्यासंगं वाईपातूर चाल आणि तांब्या घे. तू घेनार नसशील तर मेंढरं इकायची. मग तांब्या तरी कशाला ठेवायचा, घालू मोडीत.

मोडीत म्हणजे काय, ते आम्हा भांड्यांना चांगलं ठाऊक असतं. मी रात्रंदिवस वाटेकडं कान लावून बसलो.

अमृत आला तेव्हा वाडा इस्लामपूरच्या अलीकडं, हंबीरराव पाटलांच्या रानात बसला होता. भर दुपार. पाठीवर बॅग, पायात बूट, घामानं सदरा चिकटलेला. जोतीराम लगबगीनं उठला. मला भरलं, दगडाला ओंजळ घातली आणि मला दोन्ही हातांत धरून लंगडत पोरापुढं गेला.

"घे. उन्हातनं आलायस."

"नगं आबा."

"का रं?"

"त्या धोंड्याला घातलेलं पानी हाय ते. मला चालत न्हाई आता."

"त्याला वंजळभर घातलं. बाकीचं तुलाच हाय की."

"तेच म्हनतोय मी. आबा, तुमी अंधारात हायसा. धोंडा हाय त्यो. त्याला ना तोंड, ना तहान."

जोतीरामचे हात तसेच पुढं. त्याला वाटलं असावं, पोरगं बोलेल आणि घेईल. पण अमृतनं हाताच्या पालथ्या पंजानं मला बाजूला सारलं. जोरात नाही हो, अगदी हलकंच. पण म्हातारी बोटं. मी सुटलो आणि खाली पहार पडली होती तिच्या टोकावर बुडावर आदळलो.

माझ्या बुडात पोचा पडला तो तेव्हा. पाणी मातीत गेलं. कुत्रं येऊन चाटायला लागलं. अमृतनं बॅगेतून प्लास्टिकची बाटली काढली आणि तिकडं तोंड करून पाणी प्याला.

जोतीरामनं मला उचललं. अंगठ्यानं पोचा चाचपला. मग मायाला म्हणाला, "पोरी, हे बोचक्यात ठेव." बस्स. त्यानंतर तो लेकाशी बोलला नाही आणि मलाही त्यानं हातात धरलं नाही. वाड्यावर आल्यागेल्याला जर्मनच्या भांड्यातून पाणी मिळायला लागलं.

वाडा उठला, की मी घोड्याच्या पाठीवर. बोचक्यात माझ्या एका बाजूला तवा, दुसऱ्या बाजूला कुऱ्हाड. चालीबरोबर ठोके. ठक, ठक. वाटायचं, पुन्हा तांबटाच्या ऐरणीवर आलो. पण तिथं निदान घडत तरी होतो. बाहेरचं दिसायचं ते बोचक्याच्या फटीतून.

अमृत वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. त्याच्या पोटात विस्तव होता. आपल्याला जे गवसलं ते आबाला न कळता आबा जाईल, ह्या भीतीनं त्याला झोप यायची नाही. आबा बोलत नाही, तसा तो जास्तच बोलायचा. चालताना बोलायचा, जेवताना बोलायचा. बॅगेत एक छोटा स्पीकर होता, त्यावर गाणी लावायचा. ऊसतोडीची माणसं दिसली की बांधावर उभा राहून त्यांना सांगायचा. ती बिचारी मोळ्या बांधता बांधता माना डोलवायची, कारण नाही म्हणायलाही वेळ नव्हता.

इस्लामपूरच्या रानातून वाडा उठायच्या आधी एकदा त्यानं हंबीररावांनाच गाठलं. हंबीरराव मिशीतल्या मिशीत हसत ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "अमृत, गड्या, एक सांग. सोनं गाळताना आधी काय करतात रं?"

"तापवतात."

"मग इथं आमी समदी थंड बसलोय आन तू एकटाच तापलायस. गळनार कोन?"

बांधावरची माणसं हसली. अमृतचे कान लाल झाले. "हसा दादा. सत्य कडूच लागतंय."

"कडू असू दे की. पाडव्याला लिंबाचा पाला आमी बी खातो. पर आई त्यात गूळ घालती."

अमृत तरातरा निघून आला. त्या दिवशी गाण्याचा आवाज आणखी मोठा झाला, इतका, की मेंढरं वाघरीत एका कडेला जाऊन उभी राहिली.

कऱ्हाडच्या पुढं खांडात, म्हणजे आमच्या कळपात, पायाचा रोग शिरला. मेंढरं लंगडायला लागली. खुरांच्या बेचक्यात चिघळतं, ते रोज धुवावं लागतं. डॉक्टरांनी दिलेली पूड पाण्यात टाकली, की पाणी जांभळं होतं, त्यात एकेक पाय बुडवून धरायचा. जोतीरामला खाली बसवेना. तानुबाई आणि माया दोघीच दिवसभर वाकलेल्या. अमृत वाघरीपाशी उभा राहून, हात वर करून, डोळे मिटून प्रार्थना करत होता.

तानुबाईनं मान वर करून बघितलं. मग म्हणाली, "बाळा, हात वर केलेस ते चांगलं केलंस. आता वाईच खाली बी घाल."

अमृतनं डोळे उघडले आणि म्हणाला, "आये, तुला इश्वास न्हाई." तानुबाईनं पुढची मेंढी ओढली.

त्याच मुक्कामावर मी बोचक्यातून बाहेर आलो. झालं असं, की कळशी भरायचं भांडं कुठंतरी मागं राहिलं. मायानं मला शोधून काढलं आणि रानातल्या पायऱ्यांच्या विहिरीवर घेऊन गेली. अमृतही मागं आला. त्याला मायाला त्याच्या पुस्तकातलं वाचून दाखवायचं होतं. मायाला ऐकायला आवडायचं. देवासाठी कमी, नवऱ्याचा आवाज ऐकायला जास्त. वर्षावर्षानं येणारा नवरा.

ती खालच्या पायरीवर बसून मला पाण्यात घालत होती. मी बरेच दिवस कोरडा होतो, काठोकाठ हवा भरलेली. नुसता सरळ पाण्यावर टेकवला तर मी तरंगतो, आत थेंब येत नाही. मायानं माझी मान वाकवली तेव्हा कुठं बुडबुडे निघाले आणि पाणी आत आलं. कल्हई गेलेल्या अंगाला तो गारवा असा झोंबला, काय सांगू.

वर अमृत वाचत होता. येशू चालून चालून दमला आणि एका विहिरीवर बसला. तिथं परक्या जातीची एक बाई पाणी भरायला आली. तिच्या लोकांशी ह्याचे लोक खाणंपिणं ठेवत नव्हते. येशूनं तिच्याकडं प्यायला पाणी मागितलं.

मायाचा हात थांबला. "त्यानं मागितलं?"

"व्हय."

"देव असून?"

"ऐक की पुढचं. पुढं लय मोठं हाय. जिवंत पाण्याचं सांगतो तिला."

"पुढचं ऱ्हाऊ द्या. आवं, त्या बाईचं भांडं तिच्याच देवाचं असंल न्हवं? तिच्याच घरचं. ते त्याला चाललं?"

अमृतनं पुस्तकात बघितलं. बोट ओळीवर तसंच.

"त्याचा धरम बाटला न्हाई," माया म्हणाली. "तुमचा बाटतो."

विहिरीत एक पारवा फडफडला. माया उठली नाही. तिनं मला पायरीवर ठेवलं. मी डुगडुगलो, तिनं हातानं धरून थांबवलं.

"एक इचारू? तुमाला कुनी सांगितलं येशूचं? सेलमात?"

"शेजारच्या म्हातारीनं. मला ताप आलता, काविळीचा. दुकानातलं कुनी खोलीकडं फिरकंना. ती पेज घेऊन यायची. माजी आंथरुनं धुतली तिनं."

हे त्यानं आधी कुणाला सांगितलं नव्हतं. मायाच्या तोंडाकडं बघून मला कळलं.

"आधी पेज दिली का आधी देव दिला?"

अमृत पुस्तकाची पानं चाळायला लागला.

"मी इचारतीय, आधी काय दिलं?"

"पेज," अमृत म्हणाला. "महिनाभर नुसती पेजच. तिची बोली मला समजायची न्हाई. मग मीच इचारलं, आजी, तू का करतीस ह्ये. तवा तिनं सांगितलं."

माया उठली. तिनं पदराला हात पुसले. अमृतनं पुस्तक मिटलं, खाली आला आणि मला हातात घेतलं. उलटा करून बघितलं. त्याचा अंगठा बरोबर पोच्यात बसला. बाप चाचपायचा तसाच. मग त्यानं भरलेली कळशी खांद्यावर घेतली, मला बोटात अडकवलं आणि वर चढला. बायकोच्या पुढं कळशी घेऊन येणारा धनगर बघून कुत्रीसुद्धा भुंकणं विसरली.

दुसऱ्या दिवसापासून स्पीकर बॅगेतच राहिला. अमृतनं बूट काढले, पँट दुमडली आणि जांभळ्या पाण्याची लोखंडी पाटी घेऊन मेंढरांच्या पायाशी बसला. एक पाय धुवायचा, फडक्यानं टिपायचा, दुसरा घ्यायचा. मेंढ्यांनी त्याला लाथा मारल्या. एका एडक्यानं तर पाटीच उलथली. तो पुन्हा भरून आला. बोटं जांभळी झाली, नखं जांभळी झाली. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. प्रार्थनाच करत असेल. फक्त आता हात खाली होते.

माया मला बोचक्यात न ठेवता चुलीजवळ ठेवायला लागली होती, म्हणून मला सगळं दिसायचं. जोतीराम घोंगड्यावर बसून बघायचा. मला वाटायचं, आता बोलेल. आता हाक मारेल. तो चिलीम भरायचा आणि दुसरीकडं बघायचा. सातारा आलं, मागं पडलं. मेंढरं बरी झाली. बापलेक एकमेकांच्या अंगावरून वाऱ्यासारखे जायचे. इकडं मोड जवळ येत होती आणि तिकडं दोघांतलं कुणी तोंड उघडत नव्हतं.

वाईला पोचलो. नदीपासून जवळच वाडा बसला. इथून माघारी फिरायचं. आणि इथंच बाळासो आला. बाळासो मेंढरांचा व्यापारी, जोतीरामच्या ओळखीतला. घोंगड्यावर मांडी घालून बसला, खांडावरून नजर फिरवली.

"जोतीरामा, पोरगं काय हातात घ्यायचं दिसत न्हाई. कशाला जीव अडकिवतोस? मला सांग, उद्या गाडी लावतो."

"उद्या ये," जोतीराम म्हणाला. "उद्या सांगतो."

बाळासो गेला. तानुबाई भाकरी थापत होती, तिची परातीतली थाप मंद झाली. उद्या. म्हणजे माझ्याकडं एक संध्याकाळ होती.

उन्हं उतरताना अमृत चारणीवरून आला. खांद्यावर एक लंगडं कोकरू होतं. ते वाघरीत सोडलं. मग नेहमीसारखा बॅगेकडं न जाता तो वाड्याच्या बाहेर गेला, पायातलं काढलं आणि परका माणूस येऊन उभा राहतो तसा जोतीरामसमोर येऊन उभा राहिला.

"आबा," तो म्हणाला, "लांबनं आलोय. वाईच पानी मिळंल का?"

तानुबाईचा हात परातीत थांबला.

जोतीरामनं मान वर केली. किती दिवसांनी लेकाच्या तोंडाकडं बघितलं त्यानं. "तुजी बाटली?"

"हाय."

"मग?"

"तुमच्या हातचं मागतोय."

जोतीराम काठीला धरून उठला. माया पुढं झाली, तिला त्यानं हातानंच थांबवलं. मला त्यानं उचललं. त्याचा तळवा ओळखीचा होता, पण आता थंडगार आणि हलका. एकेक पायरी टेकत तो घाटाखाली उतरला, गुडघ्यांचा आवाज मला ऐकू येत होता, आणि वाकून त्यानं मला कृष्णेत बुडवलं.

परत आला. वाटेत भंडारा लावलेला दगड. तिथं तो थांबला. अमृतचे डोळे खाली होते. पाणी मागितलं ते त्यानं हे जाणूनच मागितलं होतं. बाप ओंजळ घालेल आणि उरलेलं आपल्याला देईल, आणि आपण ते घ्यायचं, हे ठरवूनच तो आला होता. मला ते त्याच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

जोतीराम दगडाकडं बघत म्हणाला, "देवा, तू वाईच थांब. पोरगं लांबनं आलंय."

आणि न ओतता तसाच पुढं येऊन त्यानं मला अमृतपुढं धरलं.

अमृतनं दोन्ही हातांनी मला घेतलं. बाप आणि लेक, चार हात माझ्याभोवती. मी एवढा हिंदकळत होतो, की दोघांच्या मनगटांवर पाणी सांडलं.

"आबा, मी त्याला धोंडा म्हनलो."

"म्हनलास."

"तसं म्हनायला नगं हुतं."

"धोंडाच हाय त्यो," जोतीराम म्हणाला. "मी धनगर हाय, आंधळा न्हाई. पर माजा बाप तितं पानी घालायचा. मी घालतो तवा मला बाप दिसतो. आन बाप दिसला, की त्याच्या म्होरला कोन त्यो बी दिसतो. तू त्याला लाथाडलंस न्हाई, माज्या बापाला लाथाडलंस. पी आता. कवाचा तांब्या धरून हुबा हायस."

अमृत प्याला. सगळं प्याला. त्यानं तोंड सदऱ्याला पुसलं आणि तिथंच बापाच्या पायाशी खाली बसला. जोतीरामही काठी बाजूला टाकून घोंगड्यावर टेकला, आणि चिलीम न भरता म्हणाला, "हां. आता सांग. काय म्हननं हाय तुज्या येशूचं?"

गंमत बघा. इस्लामपूरपासून वाईपर्यंत जो थांबला नव्हता, त्याला आता शब्द सापडेना. जांभळ्या बोटांनी तो माझ्या कडा चाचपत राहिला. मग हळूच म्हणाला, "मरायच्या आदल्या दिशी त्यानं आपल्या मानसांचे पाय धुतले."

"गुरूनं? चेल्यांचे?"

"व्हय."

"त्यांनी धुऊ दिले?"

"एक जन नगं म्हनत हुता."

जोतीराम गालात हसला. "असतोय एकेक." मग नदीकडं बघत म्हणाला, "भला मानूस हाय की मग."

"नुसता मानूस न्हाई, आबा."

"ते उद्या सांग. आज एवढंच ऱ्हाऊ दे. पचू दे वाईच."

आणि मग त्यानं मला अमृतच्या हातातून घेतलंच नाही. त्याच्या हातातच राहू दिलं. "ठेव तुज्याकडंच," म्हणाला. "वंजळीचं तुजं तू बघ. माजी बळजबरी न्हाई. पर वाड्यावर कुनीबी येऊ दे, आधी पानी. बोलनं मागनं. एवढी एक रीत मोडू नगंस."

चुलीकडून तानुबाई म्हणाली, "देवाचं मी घालीन. माजं येगळं भांडं हाय." आणि भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी बाळासो आला. अमृतनं त्याला माझ्यातून पाणी दिलं, आणि मगच सांगितलं, की मेंढरं विकायची नाहीत. बाळासो चडफडत गेला, पण तहानलेला गेला नाही.

ह्याला आता दोन दिवाळ्या झाल्या. जोतीराम आणि तानुबाई गावी असतात. अमृत पुन्हा सेलमला गेला नाही, आम्ही चालतोय. अमृत दगडाला ओंजळ घालत नाही. पाणी पिण्याआधी डोळे मिटून मान खाली घालतो, तेवढंच. पण वाटेत कुणाचा देव दिसला तर त्यावर चप्पल पडू नये म्हणून अमृत आपोआप बाजूनं जातो. वाड्यावर येणाऱ्याला तो माझ्यातून पाणी देतो आणि गप्प बसतो. तो किती कष्टानं गप्प बसतो, हे फक्त मला ठाऊक आहे, कारण माझी कड तो किती घट्ट धरतो ते मला कळतं. पोटातला विस्तव विझलेला नाही. कधी कुणी विचारतं, "का रं, डोळं झाकून काय म्हनलास?" मग तो सांगतो, थोडंसंच. कुणी ऐकतं, कुणी हसून उठून जातं. हंबीरराव मागच्या खेपेला तासभर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आता गूळ लागला बग."

संध्याकाळी गावाकडून फोन येतो. अमृत तो माझ्या शेजारीच ठेवतो, आवाज मोठा करून. जोतीराम मेंढरांचं विचारतो, पाण्याचं विचारतो, मायाचं विचारतो. सगळं विचारून झालं, की जरा थांबतो आणि म्हणतो, "हां. कालचं कुठपातूर आलतं?"

त्यानं बिरोबा सोडलेला नाही. पुढं काय होईल, मला माहीत नाही. अमृतलाही नाही. पण म्हातारा रोज विचारतो, आणि तो विचारेपर्यंत अमृत थांबतो.

माझी कल्हई पार गेलीय. कल्हईवाला वाटेत भेटेनासा झालाय. साताऱ्याला एक तांबट म्हणाला, द्या, बूड ठोकून सरळ करतो. अमृत म्हणाला, ऱ्हाऊ दे. म्हणून मी अजून डुगडुगतोय. खरं सांगू, मला अजून स्वस्थ बसवत नाही. कोण वाटेनं येतंय, कुणाचा घसा कोरडा पडलाय, अमृत आज घाई तर करणार नाही ना, असं सारखं होत राहतं.

तुमच्याकडंही द्यायला पुष्कळ असेल. देव असेल, शहाणपण असेल. द्या की, झाकून कशाला ठेवायचं. पण दारात आलेल्याचे ओठ सुकलेत का, ते आधी बघा. आणि कधी आपलीच तहान दाखवून त्याच्याकडंही मागा. त्यानं भरून आणलेलं भांडं असेल कसंही, पोचा पडलेलं का असेना, दोन्ही हातांनी घ्या.

जातो आता. माया वाघर गुंडाळतेय, घोडं भरायचं आहे. बोचक्यात तव्याशेजारी नको, वर ठेवा म्हणावं मला. वाटेत कुणीतरी भेटेलच.